लंकाबाईंची गच्चीवरची लावणी

लंकाबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेपाचला चांदवड तालुक्यातल्या त्यांच्या गावात पिकअप यायची आणि बायकांच्या टोळीला कांदा लावणीला घेऊन जायची. त्याआधी पाणी, भाकरी, झाडलोट उरकायची. अशी चाळीस वर्षे गेली. गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा मुलगा महेश त्यांना नाशिकरोडला घेऊन आला. आमच्या वरच्या मजल्यावर ते राहतात. लंकाबाई इथेही चारलाच उठायच्या. फक्त उठून करायला काही नव्हते.

मी एकलहऱ्याला वीज केंद्रात एकतीस वर्षे कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होतो. हात रिकामे पडले की माणसाचे काय होते ते मला ठाऊक आहे.

ऑक्टोबरात देवीच्या गडावरून येताना त्यांनी एका रोपवाटिकेतून स्ट्रॉबेरीची बारा रोपे आणली. मी रंगाचे रिकामे डबे दिले आणि प्रत्येकाच्या बुडाला पाच भोके पाडली. माती, कुजलेले शेणखत आणि थोडा नारळाचा भुसा कालवला. बाई गच्चीवर उकिडव्या बसल्या. माझा चहा संपायच्या आत बारा रोपे लावून झाली.

“विकणाऱ्याने काही सांगितलं होतं का?” मी विचारले.

“सांगत व्हता कायतरी. गाभा मातीच्या वर ठेवा म्हने. त्याचं वय नाय तेवढे हंगाम केले मी, भाऊ. मला लावणी शिकवतो का?”

कांद्याचे रोप ओल्या वाफ्यात अंगठ्याने दाबून बसवतात. बाईंचा अंगठा दुसरे काही जाणत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कांद्याला लावणीनंतर देतात तसे आंबवणीचे दुसरे पाणीही दिले, डबे तुडुंब भरून. दहा दिवसांत बाराही रोपे माना टाकून मेली.

मी एक उपटून पाहिले. पाने जिथून फुटतात तो गाभा मातीत दोन बोटे खाली गेला होता. काळा पडून लिबलिबीत झाला होता.

“कांदा झाला याचा,” मी म्हणालो.

“तुमी कोळशावालं. तुमाला काय कळतंय?” त्या म्हणाल्या. पण रोप हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या.

महेश रविवारी गच्चीवर आला. “आई, डॉक्टरांनी उकिडवं बसू नको म्हणून सांगितलंय. आता एकदाच करून बघ. तीही रोपं मेली तर डबे भंगारात, आणि तू खुर्चीत. पुन्हा मातीचं नाव काढायचं नाही.”

“खुर्चीत बसून काय करू? पाहुनी हाय का मी?”

“एकदाच, आई.”

मुलाकडे पैसे मागणे त्यांना मान्य नव्हते. सायखेड्याला बहिणीकडे जाते म्हणून गेल्या आणि तिच्याबरोबर चार दिवस रांगड्या हंगामाच्या कांदा लावणीला मजुरीने गेल्या. परत आल्या तेव्हा जिना बसत बसत चढल्या. हे मला आवडले नाही, आणि मी तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले नाही. मजुरी कनवटीला होती. त्यातून पुन्हा बारा रोपे आली.

या वेळी लावणीला बसण्याआधी त्यांनी उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली, घट्ट गाठ मारली.

“लागलं का?”

“नाय. त्याला बांधून ठेवलाय. मोकळा सोडला की दाबतोच मेला.”

चार बोटांनी त्यांनी एकेक रोप बसवले. मुळे मातीत, गाभा मातीच्या थोडा वर. बारा रोपांना दीड तास लागला. दोनदा अंगठा आपसूक पुढे आला, दोनदा त्यांनी रोप काढून पुन्हा लावले. घाईने केलेले काम दोनदा करावे लागते, हे मी कामावर नव्या पोरांना सांगून थकलो होतो. इथे सांगावे लागले नाही.

पाणी फक्त सकाळी, आणि तेही बोट मातीत घालून कोरडे लागले तरच. खाली वाळलेले गवत पसरले, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. पहिली फुले आली ती त्यांनी खुडून टाकली. सून उज्वला हळहळली. “अगं, आधी अंग धरू दे त्याला,” बाई म्हणाल्या. रोपांनी नवी रोपे धरणारे लांब दोरे सोडले, तेही कापले. बुलबुल यायला लागले तेव्हा उज्वलेनेच जुनी ओढणी डब्यांवर ताणून बांधली.

अकरा रोपे जगली. जानेवारीच्या मध्यावर सात फळे लाल झाली. महेशने एक तिथेच उभ्याने खाल्ले. “आंबट आहे,” म्हणाला आणि दुसरे उचलले.

“मग? भंगारवाल्याला बोलावू का?” बाईंनी विचारले.

“राहू दे. पण उकिडवं बसणं बंद, आई. ते मी चालू देणार नाही.”

बाई माझ्याकडे वळल्या. सायखेड्याच्या मजुरीतली उरलेली रक्कम त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणालो. “उभ्यानं बघता येईल असं कायतरी करा, भाऊ,” म्हणत त्यांनी माझी मूठ मिटली. त्या पैशांतून मी लोखंडी अँगल आणला, वेल्डिंग करून घेतले, गंज लागू नये म्हणून दोन हात रंग दिला. कमरेच्या उंचीचा स्टँड झाला. आता अकरा डबे त्याच्यावर आहेत, आणि लंकाबाई उभ्या राहून रोपे बघतात.