टाळीवाल्या मॅडमचं स्टूल

आमच्या विज्ञानाच्या मॅडम काही तुटलं की टाळ्या वाजवायच्या. खरंच सांगतेय! तुम्ही दोन दिवस खपून, बोटं खळीत बरबटवून कागदाचा पूल करायचा, तो सगळ्या वर्गासमोर धाडकन पडायचा, तुम्ही रडायच्या बेतात, आणि ह्या बाई टाळ्या वाजवतायत! वर म्हणायच्या, "छान! आता कुठून तुटलं ते बघ." बुऱ्हानपूरच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत त्यांना खरं नाव होतं, पण सगळी पोरं टाळीवाल्या मॅडमच म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. चालायचं त्यांना.

गुरुवारी शेवटचा तास 'बनवायचा'. अट एकच, घरात फेकायला काढलेलं सामान आणायचं. रद्दी, सुतळी, झाडूच्या काड्या, दुधाच्या पिशव्या. विकतचं काही नाही. एकदा आमचा गोलू शनवाऱ्याच्या बाजारातून चकाचक गोंदाची बाटली घेऊन आला. मॅडमनी ती उचलून खिडकीत ठेवली. "ही तर दुकानदाराची हुशारी झाली बेटा. तुझी कुठंय?" दुसऱ्या गुरुवारी पठ्ठ्या घरून मैद्याची खळ शिजवून आला. ती इतकी जबरदस्त झालेली की डब्याचं झाकणच निघेना! मॅडम हसून हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. "याला म्हणतात रिसर्च!"

मग गच्चीवरून टमाटर फेकायचा तास! पुस्तकात अंडं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "अंडं आणा म्हटलं तर निम्म्या घरांतून मला बोलावणं येईल." म्हणून टमाटर. कागदात, चिंध्यांत, पिशव्यांच्या छत्रीत बांधून खाली सोडायचे. फुटले त्यांची मधल्या सुट्टीत मीठ-तिखट घालून कोशिंबीर. सगळ्यांचेच फुटले, त्यामुळे कोशिंबीर भरपूर झाली.

पण त्यांची एक सवय आम्हाला जाम छळायची. वस्तू टिकली की त्या थांबायच्याच नाहीत. पुलाला बादली टांगायची, मगाने पाणी ओतायचं. टिकला? अजून एक मग. टिकला? अजून एक! आम्ही ओरडायचो, "मॅडम बस ना, प्लीज!" त्या म्हणायच्या, "टिकलं तर आपल्याला काय कळलं? टाक अजून." आणि मग धप्प! वर्गभर पाणी, टाळ्या, आणि शेजारच्या वर्गातले सर दारात. "मॅडम, इकडे शिकवणं चालूये!" आमची वस्तू साबूत घरी गेली, असं कधी झालंच नाही. आई विचारायची, "आज काय बनवलं गं?" दाखवायला काय, चिखल!

आणि दहावीच्या मध्येच कळलं, मॅडमची बदली झाली. मंडल्याला. कुठं बुऱ्हानपूर, कुठं मंडला! रूपाली बाकावर हात आपटून म्हणाली, "आता एक चीज अशी करायची की मॅडमच्यानं तुटलीच नाही पाहिजे." रूपाली म्हणजे माझी पक्की मैत्रीण, जसोंडी गावची, घरची केळीची शेती. मी म्हटलं, "स्टूल! रद्दीचं स्टूल. मॅडमना त्यावर बसवायचं." गोलू म्हणाला, "आणि पडल्या तर?" आम्ही दोघी एकदम, "गप रे!"

मग काय, सगळा वर्ग कामाला. पेपरच्या घट्ट घट्ट नळ्या वळल्या, खळ लावली, जुडगे करून पाय केले. गाठी बांधायला रूपालीने केळीचं सोपट आणलं, म्हणजे खोडाची साल, पट्ट्या काढून. तिच्या घरी सगळं त्यानेच बांधतात. ताजं, पांढरंशुभ्र, काय चमकत होतं! शनिवारी स्टूल उभं राहिलं आणि आम्ही त्याच्याभोवती नाचलो.

सोमवारी टेस्टिंग. गोलू म्हणाला, "हटा, टेस्टिंग डिपार्टमेंट आलं," आणि ऐटीत बसला. स्टुलाचे चारी पाय चार दिशांना! गोलू जमिनीवर, आणि निरोप परवावर. कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तर रडूच फुटलं. गोलू खालूनच म्हणाला, "अरे रडता काय, कुठून तुटलं ते तर बघा!"

बघितलं. नळ्या एकदम ठीक. गाठी सगळ्या ढिल्या, बोट जाईल इतक्या. रूपालीने कपाळावर हात मारला. "ए बाई! ताजं सोपट बांधून बसलो ना आपण! ते वाळून बारीक झालं. आमच्या घरचं शेंबडं पोरगं पण वाळलेलं भिजवून बांधतं गं."

"मग तू ताजं कशाला आणलं?" मी म्हटलं.

"मॅडमसाठी होतं ना! वाळलेलं कसं काळपट दिसतं, म्हणून."

मंगळवारी ती वाळक्या सोपटाचा भारा सायकलला बांधून घेऊन आली. भिजवलं, पाय लावून ओढून ओढून आवळलं. दिसायला स्टूल आता अगदी भंगार.

निरोपाच्या दिवशी मॅडम चारी बाजूंनी वाकून बघत राहिल्या. मग बसल्या. आम्ही श्वास रोखून. कर्रर्र झालं... आणि थांबलं. टिकलं! मॅडमनी पाय उचलले, तरी टिकलं! आम्ही किंचाळलो. आणि त्या काय म्हणाल्या असतील? "गोलू, ये. तू पण बस."

"नाही!!" अख्खा वर्ग ओरडला. गोलू तर सगळ्यात जोरात. रूपालीने त्याचा शर्टच धरून ठेवला. "मॅडम, ह्या वेळी नाही. हे नाही तोडायचं."

टाळीसाठी उचललेले हात काय करावेत ते कळेना मॅडमना, मग मांडीवर ठेवून दिले. "बरं," म्हणाल्या. "मग हे राहू दे." आणि स्टूल घेऊन गेल्या, बसच्या टपावर, बिस्तऱ्याच्या शेजारी.

आता मी इंदूरला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. काल मेकॅनिक्सच्या लेक्चरला फोन थरथरला. मॅडम! फोटोत आमचं स्टूल, आडवं पडलेलं, एक पाय मोडलेला. खाली लिहिलंय, "आज तुटलं. छान! कुठून ते सांग."

मी बाकाखाली फोटो मोठा करून करून बघितला. पाय मधोमध वाकलाय, कागद दमलाय बिचारा. पण वर, पाय आणि बैठक जुळते तिथं, सोपट काळंकुट्ट झालंय आणि गाठ जशीच्या तशी. मी फोटो रूपालीला आणि गोलूला पाठवला आणि भर लेक्चरमध्ये जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

सरांनी बाहेर काढलं. बाहेर उभी राहूनच मॅडमना लिहिलं, "मॅडम, पाय गेला. गाठ नाही सुटली."