केळीच्या पानाचा पासवर्ड

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. अक्का होती तोवर धीर झाला नाही, आणि आता ऐकायला ती नाही.

राजवाड्यामागच्या आमच्या घरात खिडकीशी डेस्कटॉप होता. दुपारी पंख्याच्या संथ घरघरीत अक्का, माझी थोरली बहीण, त्यावर आई लग्नांत म्हणायची ती गाणी टाइप करायची. बोल मराठी, अक्षरं तमिळ. तमिळ मुलखात वाढलेल्या तिला देवनागरी येत नसे. अर्धे डोळे मिटून ती गुणगुणायची आणि शेजारी मला पेंग यायची.

निवृत्तीनंतर मला संगणकाचं वेड लागलं होतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच, कर्नलमध्ये, सगळी डिस्क कुलूपबंद करायची सोय असते, असं मी वाचलं.

“लॅपटॉपला ठीक आहे,” अक्का म्हणाली. “हा डबा कधी उंबरा ओलांडतो का? माझी गाणी नेऊन चोर कुणाचं लग्न लावणार?”

“चोराला वाचता येऊ नयेत म्हणून.”

“आपल्या पोरांना येत नाहीत, चोराचं काय घेऊन बसलास.”

तरी मी ते केलंच. पासवर्ड तिने ठरवला: केळीच्या पानावर वाढायचा क्रम. मीठ, लोणचं, कोशिंबीर, असं पायसापर्यंत, प्रत्येकाचं पहिलं इंग्रजी अक्षर. टाइप करण्याआधी ती टेबलावर बोटाने सगळं पान वाढून घ्यायची.

पुढे ते कुलूप आणखी पक्कं करायला गेलो आणि डिस्कवरचा, किल्ली जपणारा भागच पुसून बसलो; आता बरोबर पासवर्डनेही ती उघडणार नव्हती. गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. अक्काने विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, “तूच पासवर्ड चुकतेयस.”

मग ती रोज दुपारी बसायची. मीठ, लोणचं, कोशिंबीर. मशीन नाही म्हणायचं. मी पेपर वाचत राहायचो.

त्या वर्षी आईच्या श्राद्धाला पानं मांडली, आणि शेकडो पंगती वाढलेली अक्का मीठ हातात घेऊन थबकली. “कुठं वाढतात रे हे?” तिने हळूच मला विचारलं. त्यानंतर तिने वाढणं सोडलं. गाणंही.

घरच्या डेस्कटॉपला असल्या कुलपाचा उपयोग असतो का? असतो. मशीन चोरीला गेलं, जुनी डिस्क भंगारात गेली, तर नक्कीच. आमच्या घरात मात्र धोका एकट्या माझाच होता.

अक्का पापनाशमला लेकीकडे राहायला गेली. बसमध्ये, भाताची शेतं मागे सरकताना, दर खेपेला मी एकच बोलणं घोळवायचो. पोचलो की ती “जेवलास?” म्हणायची, आणि मी पानावर बसायचो. बोलणं एवढंच होतं: अक्का, तू काही विसरली नव्हतीस. पुसलं मी. मला माफ कर.