मी खरवडलेला पाय

डहाणूला मसोलीच्या बाजूच्या एका लहानशा हॉस्पिटलात मी बावीस वर्षं ड्रेसिंग करते आहे, आणि त्यातली वीस तरी स्वतःच्या हाताचं कौतुक करण्यात गेली. जखम साफ करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी नव्या मुलींना सांगायची. मेलेलं मांस कात्रीनं काढायचं, पेरॉक्साइड ओतायचं, फेस पुसायचा, आणि खाली लाल ताजं मांस दिसेपर्यंत थांबायचं नाही. नरपडचे लोक माशाचा काटा घुसून सुजलेला हात घेऊन यायचे, वाणगावचे भाजीवाले विळ्यानं कापलेला अंगठा घेऊन. सगळे बरे होऊन जायचे. ते माझ्या कात्रीशिवायही झाले असते, हा विचार मला कधी शिवला नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून एक बाई नवऱ्यासोबत आली. पस्तिशीची, भात-नाचणी करणारी. डाव्या नडगीवर पुटकुळी आली, ती फुटली आणि आठ दिवसांत तिथे रुपयाएवढी जखम झाली होती. कडा जांभळट, आतून पोखरल्यासारख्या. दुखायचं इतकं की नुसती पट्टी सोडवली तरी ती पलंगाची दांडी धरून बसायची. साखर नॉर्मल होती. आमच्या सर्जननी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि मला म्हणाले, "साफ करून घ्या." मला तेवढंच हवं होतं.

मी साफ केली. चार दिवसांनी ती आली तेव्हा जखम दुप्पट झाली होती. मग मी आणखी खोल साफ केली. तरीही वाढली. तेव्हा मी कारण शोधायला लागले, म्हणजे अर्थातच तिच्यात.

"चिखलात गेली होतीस?"

"नाय गेले, बाय."

"पाला बांधलास?"

"नाय हो."

खोटं बोलते, असं मी परस्पर ठरवून टाकलं. त्यात भर म्हणजे ड्रेसिंगच्या आधी, कधी मधेच, ती "आले हां" म्हणून लंगडत संडासकडे जायची. माझी कात्री बघूनच हिचं पोट बिघडतं, असं मी अख्ख्या वॉर्डाला हसत हसत सांगितलं होतं. वर भित्री म्हणून तिच्यावर दोनदा ओरडलेसुद्धा.

चौथ्या आठवड्यात अर्धी नडगी उघडी पडली. ताप नव्हता, आणि पू तपासायला पाठवला तर त्यात जंतूही सापडले नाहीत. सर्जननी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, असंच पसरत गेलं तर पाय कापावा लागेल. तो म्हणाला, "पाय गेला तर ती डोंगर चढंल कशी?" मी तेव्हा ट्रे मांडत होते, आणि आज जरा जोर लावून साफ करू या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

नशिबानं महिन्यातून एकदा येणारी त्वचारोगाची डॉक्टर त्याच दिवशी आली होती. माझ्या मुलीच्या वयाची. सर्जननी तिला बोलावून घेतलं. तिनं वाकून जखम नीट पाहिली, माझ्या हातातली कात्री पाहिली, आणि माझा ट्रे दूर सरकवला. मग त्या बाईला विचारलं, "दिवसातून किती वेळा संडासला जाता?"

मला हसूच आलं. दुखणं पायाचं आणि ही चौकशी कसली करते!

"सात-आठ येळा," ती म्हणाली. "रगत पण पडतं. वरीस झालं. गुजरातच्या डाक्टरनं आतड्याला सूज हाय म्हणून सांगितलंय. त्याच्या गोळ्या बंद केल्या, पायाच्याच लय झाल्या म्हणून."

"मग इथे सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"इथं पायाचं होतं ना. पोटाच्या कागदांची पिशवी वेगळी. ती घरी हाय."

डॉक्टरनं मला कोपऱ्यात नेऊन समजावलं. आतड्याच्या या आजारात काहींच्या कातडीवर अशी जखम होते. ती जंतूंची नसते, शरीरच स्वतःवर उलटलेलं असतं. तिला कापलं, खरवडलं की ती चिडून पसरते. एक बारीक तुकडा तपासायला घेऊ, बाकी कात्री बंद. आतड्याचे उपचार पुन्हा चालू करायचे आणि स्टिरॉइडच्या गोळ्या द्यायच्या.

"जखम उघडी असताना भरणं लांबवणारं स्टिरॉइड?" मी वीस वर्षांचा अनुभव आवाजात आणून म्हणाले. ती शांतपणे "हो" म्हणाली.

त्यानंतर माझं काम म्हणजे हळूच सलाईन ओतायचं, चिकटणार नाही अशी जाळी ठेवायची आणि हात मागे घ्यायचे. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. बोटं नुसती शिवशिवायची. आठ दिवसांत तिचं दुखणं निम्म्यावर आलं, जांभळी कड फिकी पडली. जखम भरायला पुढे चार महिने लागले. तिथली कातडी अजून चाळणीसारखी, सुरकुतलेली आहे, पण पाय शाबूत आहे आणि डोंगर चढतो.

शेवटच्या तपासणीला ती आली तेव्हा मी धीर करून म्हणाले, "माझं चुकलं गं. मी साफ करत गेले, म्हणून ते वाढत गेलं."

"ठावं हाय, बाय."

"डॉक्टरनी सांगितलं?"

"नाय, आधीच कळलेलं. तुमी कापलं का दुसऱ्या दिशी वाढायचं. एका खेपेला जीप नाय भेटली, आलो नाय, तवा तसंच राहिलेलं."

"अगं, पाय जायची वेळ आली होती. बोलली का नाहीस?"

ती ओशाळली, जणू चूक तिचीच होती.

"तुमी इतक्या मेहनतीनं करायच्या," ती म्हणाली. "तुमाला वाईट वाटलं असतं."