सुरतच्या गठ्ठ्यातलं गाणं

आमचे किस्से कुणी ठरवून जमवले नाहीत. जगदीशच्या दुकानात गादीवर चहा घेत बसलं, की एकातून दुसरा निघतो आणि गिऱ्हाईक ताटकळत राहतं. जगदीशशेठचं शहाद्यात कापडाचं दुकान, विजय पाटलाचा कळसाडीला ऊस, मी लोणखेड्याच्या कॉलेजात क्लार्क. तिघंही पॉवर पॉप नावाच्या विलायती गाण्यांचे वेडे. हसायचं तर हसा.

* * *

हे खूळ आलं सुरतेहून. साड्यांची घडी मोडू नये म्हणून तिथला व्यापारी मध्ये जुन्या मासिकाची पानं घालायचा. मासिक इंग्रजी, विलायती बँडांबद्दलचं. आम्ही डिक्शनरी घेऊन वाचायचो. लेख ऐन रंगात आला की पान संपायचं, आणि पुढचं पान पुढच्या गठ्ठ्यात. मग जगदीश आणखी माल मागवायचा.

त्याचे वडील एकदा वैतागले. "हाई साडी आते कोन लेस? कशाले मांगाडस?"

जगदीश शांतपणे म्हणाला, "बापूजी, पुढलं पान वाचनं शे."

* * *

कॉलेजातल्या एका सरांनी विजयला विचारलं, पॉवर पॉप म्हणजे नेमकं काय?

विजय म्हणाला, "सर, रसवंतीनं इंजिन किती आवाज करस? पन गिलासमा रस गोडच येस ना? तसं शे."

मासिकाला हे चार पानांत जमलं नव्हतं.

* * *

त्यातलं एक गाणं आमच्या जिवाला लागलं. लिहिलं होतं, सुरुवातीला गिटार लखलखते, मग टाळ्या येतात, आणि शेवटी गाणारा एकच ओळ म्हणत राहतो, ती संपूच नये असं वाटतं. कॅसेट कुठली मिळायला! दुपारी दुकानाच्या माळ्यावर गठ्ठ्यांना टेकून आम्ही तेवढंच पुन्हा पुन्हा वाचायचो. पत्र्यावर ऊन तापलेलं, कोऱ्या कापडाचा वास, डोळे मिटलेले. एक दिवस जगदीश आपोआप एक चाल गुणगुणायला लागला. आम्ही टाळ्या धरल्या. ते गाणं तेच असणार, याबद्दल कुणालाच शंका आली नाही. तसं सुख मला परत मिळालं नाही.

* * *

विजयच्या लग्नात ती चाल जगदीशने बँडवाल्यांना शिकवली. वरात चौकात तासभर नाचली.

बँडमास्तरने घाम पुसत विचारलं, "शेठ, कोनता पिक्चरनं गानं शे?"

"पिक्चर अजून येवाना शे," जगदीश म्हणाला.

* * *

पुढे मोबाइल आले आणि विजयला खरं गाणं सापडलं. आम्ही दोघांनी मात्र शपथ घेतली, जगदीशशिवाय ऐकायचं नाही. जगदीश तयारच होईना.

"मन्हं गानं मन्हाजोडे राहू दे," म्हणायचा. ते ऐकलं की आपलं पुसलं जाईल, अशी त्याला धास्ती. वर्षानुवर्षं आमचं भांडण एवढंच.

* * *

गेल्या हिवाळ्यात जगदीशचा डावा कान पार गेला. डॉक्टर म्हणाले, उजवाही त्याच वाटेवर आहे, फार दिवस टिकणार नाही. मला रडूच आलं. विजयने त्याला मोटरसायकलवर घालून कळसाडीला आणलं. संध्याकाळ होती, उसाला पाणी सुटलेलं, बांधावर आम्ही तिघं.

विजय त्याच्या उजव्या बाजूला बसून म्हणाला, "जगदीश, आते तरी आयक भाऊ. मंग आयकाले भेटाव नही."

त्याने हात पुढे केला. विजयने गाणं लावलं आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

जगदीशने तो डाव्या कानाला लावला.

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने गुडघ्यावर हाताने टाळीचा ठेका धरला. गाणं संपून गेलं तरी ठेका चालूच होता. शेवटी त्याने डोळे उघडले, मोबाइल विजयला परत दिला.

"बरोबर वाजाडं त्यासनी," म्हणाला. "आपलीच चाल शे."