आई किंवा वडील, तिसरं कोणी नाही

एका माणसाला किती भाचे असू शकतात, हे मी एकदा भर पावसात एका टेम्पोवाल्याला समजावून सांगितलं होतं. मूर्खपणाच तो. तेव्हा मात्र मला ते कर्तव्य वाटलं.

आता मी निवृत्त आहे, नातवंडांची आजी आहे, त्यामुळे त्या वेळच्या मॅडमला, म्हणजे मलाच, हसायला मोकळी आहे. बमरोलीजवळच्या एका मराठी शाळेत ती शिकवायची. पावसातही साडी कडक इस्त्रीची. नाशिकहून लग्न करून सुरतेत आलेली, नवरा बँकेत. वर्गातली पोरं खानदेशातून आलेल्या मिल कामगारांची. त्यांच्या एकाही गल्लीत तिने पाय ठेवला नव्हता, पण त्यांच्या पालकांनी कसं वागावं यावर ती कधीही, कितीही वेळ बोलू शकायची.

त्या आठवड्यात पावसाने उसंत घेतली नव्हती. सकाळीच मुख्याध्यापकांचा फोन आला. ते खाडीपलीकडे अडकले होते.

"आजची शाळा तुम्ही सांभाळा."

मी लगेच त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. खुर्ची ओली होती. वर छत गळत होतं. दिवसाची सुरुवात अशी झाली, ती मग थांबलीच नाही. शिक्षक आले होते मोजके, म्हणून सगळे वर्ग एका हॉलमध्ये कोंबले. पाढे चालू असताना बाकं सरकवायची, बाकं सरकवताना कोणाचं तरी नाक पुसायचं. एकीची चप्पल गटारीच्या पाण्यात वाहून गेली, तर तिला सोबत म्हणून आणखी दोघी रडल्या. खिचडी आली ती इतकी पातळ, की आचारीणबाईंनीच "आज पिऊन घ्या" म्हणून वाढली.

दुपारी पुन्हा फोन. "खाडी भरतेय. शाळा सोडा, पण पोरं एकटी सोडू नका."

एवढंच म्हणाले ते. त्यात सुधारणा मी केली. फळा उचलून फाटकाशी छपराखाली ठेवला आणि वर लिहिलं: मूल फक्त आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात दिले जाईल. खाली दोन रेघा ओढल्या.

नियम वाईट नव्हता. पण वडील मिलमध्ये मागावर, सुटी रात्री. आया घरोघरी साड्यांना लेस लावत बसलेल्या, मांडीवर धाकटं. जवळच्या आया धावत येऊन आपापली पोरं घेऊन गेल्या. खाडीकडच्या गल्लीतली डझनभर पोरं तेवढी उरली.

तेवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला. मागे कापडाचे तागे, वर प्लास्टिक. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला माणूस उतरला आणि हॉलमधून एकच आरोळी उठली, "मामा!"

"द्या मॅडम पोरं. पुढे रस्ता बंद व्हायला आलाय."

"कोणाचे मामा तुम्ही?"

"साऱ्यांचा."

"साऱ्यांचा कसा असाल? आईचा सख्खा भाऊ तो मामा."

"गावच्या साऱ्या बहिणी इकडेच दिल्यात, मॅडम. मी काय करू?"

मी परीक्षा घ्यायची ठरवलं. पोरांची शाळेतली नावं सांगा म्हटलं. त्याला एकही येईना. घरची नावं मात्र तो धडाधड म्हणू लागला, आणि पोरं खिदळत "हजर!" म्हणू लागली. मी फळ्याकडे बोट दाखवलं. त्याने फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पो वळवला.

"बेन, पाणी वधे छे," शिपाईबाई म्हणाल्या. पाणी वाढतंय हे मलाही दिसत होतं. फाटकातून आत येऊन ते फळ्याच्या पायाला लागलं होतं. खाडीकडचा रस्ता बुडाला तर ही पोरं रात्रभर या गळक्या हॉलमध्ये राहणार, तिकडे आया वाट पाहत बसणार, आणि याचं कारण मी. चेहऱ्यावर मात्र मुख्याध्यापक.

"मामा का गेला?" एका चिमुरडीने विचारलं.

"तो तुझा सख्खा मामा आहे का?"

"सख्खा म्हणजे?"

हा धडा मी पुढच्या वेळेवर ढकलला.

बऱ्याच वेळाने पाणी कापत टेम्पो परत आला. ताग्यांच्या जागी आता बायका उभ्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, एकमेकींना धरून. मॅडमला आया पाहिजेत म्हणून त्याने आया गोळा करून आणल्या होत्या. एकीच्या मनगटात लेसचं वेटोळं तसंच होतं.

"तो आमना गावना शे, मॅडम," ती कडाडली. "त्याच्यासंगं धाडी देतात ना पोरं! हातातलं काम टाकून आले मी."

मी एकेक पोर एकेका आईच्या हाती दिलं. नियम पूर्ण पाळला गेला. मग सगळे टेम्पोत चढले; बाकीचे शिक्षक आधीच गेले होते, फाटकाशी मी आणि शाळेमागेच राहणाऱ्या शिपाईबाई उरलो. रिक्षा नव्हती, बस नव्हती.

"बसा मॅडम," मामा म्हणाला.

पुढे तान्ह्या बाळाची आई होती, म्हणून मी मागे चढले. चढले म्हणजे दोघींनी ओढलं आणि शिपाईबाईंनी ढकललं. कडक इस्त्रीची साडी अर्ध्या वाटेत पोतेरं झाली. खाडीच्या गल्लीत पाणी उंबऱ्यांना टेकलं होतं, पण आत शिरलं नव्हतं. पोरं उतरली, आया उतरल्या. त्या गल्लीत माझं पहिलं पाऊल पडलं नाही ते नाहीच, मी टेम्पोतूनच हात हलवला.

मग लांबचा वळसा घेऊन त्याने मला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सोडलं. मी पदर पिळत म्हटलं, "दादा, फार उपकार झाले." त्याने टेम्पो बंद केला, खाली उतरला, फाटकातून आत नीट डोकावून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"मॅडम, तुम्हाला आता कोणाच्या ताब्यात देऊ? आई आहे का घरी, का वडील?"