मेली कीड, डॉक्टर

"मेली कीड, डॉक्टर," म्हणत भाऊ स्वतःच्या डाव्या गालावर चापट मारून दाखवायचे. दुखणं थांबलं की कीड मेली, हा त्यांचा सिद्धांत. आंजी गावात माझ्या दातांच्या दवाखान्याला लागूनच त्यांचं कृषी केंद्र होतं. दिवसभर फवारणीची औषधं विकणाऱ्या माणसाला किडीबद्दल मी काय शिकवणार?

कपाशीच्या बाबतीत ते पक्के होते. अळी बोंडात शिरायच्या आधीच फवारा मारा, एकदा शिरली की वरून कितीही ओतलं तरी उपयोग नाही, असं गिऱ्हाइकाला दरडावून सांगत. मी भिंतीपलीकडून ऐकायचो आणि चरफडायचो. कारण प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर यांचा अर्धा कप गोड चहा ठरलेला.

एकदा खुर्चीत बसवून सगळं समजावलं. दातात अळी नसते, दातावर चिकट थर बसतो. त्यातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि दात विरघळतो, दर घोटाला पुन्हा. खड्डा दातातल्या नसेपर्यंत पोचला की ठणका लागतो. नस मेली की ठणका थांबतो, पण सड मुळाखाली उतरतच राहते.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "अळी नाई, तं मंग कीड काऊन म्हंता?"

आपल्या भाषेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मूळ साफ करायचं, नाहीतर दात काढायचा, एवढंच उरलं होतं. हंगाम होऊ द्या म्हणत ते गोळी घेऊन जात. माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं तेव्हा पहिले पेशंट त्यांनीच हाताला धरून आणून बसवले होते. स्वतः मात्र उपचाराला बसत नव्हते. या माणसावर माझा जीव होता, म्हणून तर जास्त संताप व्हायचा.

पोळ्याच्या सुमारास जबडा सुजला. सूज गळ्यात उतरली, थुंकीही गिळवेना, तेव्हा कुठे गाडीत बसले. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिकस्त केली, पण विष रक्तात भिनलं होतं. भाऊ गेले.

तेरवीच्या दिवशी वहिनींनी मला दाराशी बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाहेब, कोनाले सांगू नका. दातानं गेले म्हनलं, तं लोक हासतीन."

मी त्या माउलीला तसा शब्द दिला. तेव्हापासून गावात भाऊ हार्ट अटॅकनं गेले आहेत, आणि लोक माझ्याकडे अजून ठणक्याची गोळी तेवढी मागायला येतात.