कल्याणप्पांचा सतराचा पाढा

कल्याणप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कपाला पाढा म्हणून दाखवत होते. निदान मला तरी तसंच वाटलं. हातात लांब दांड्याचा छोटा लोखंडी कप, त्याच्या बुडाला भोक, भोकातून लाल शाईची धार बादलीत पडतेय, आणि साठीकडे झुकलेला हा माणूस धारेवर डोळे रोखून पुटपुटतोय, ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न...’ मी बेंबळी गावची पोर. डिप्लोमा करून उमरग्याच्या या पिशव्या छापायच्या कारखान्यात त्याच दिवशी माल तपासायला लागले होते. खिशात नवंकोरं स्टॉपवॉच होतं. मला हसू आलं, आणि आलेलं हसू लपवणं मला कधी जमलेलं नाही.

“हसू नको पोरी,” ते वर न बघता म्हणाले. “पाढा संपायला अन् धार तुटायला गाठ पडली की शाई बरोबर. धार आधी तुटली तर पातळ, मागं राहिली तर जाड.”

मी लगेच स्टॉपवॉच काढलं. म्हाताऱ्याची जिरवायचीच होती. पुन्हा म्हणा म्हटलं. सतरा सेकंद. आणखी एकदा, सतरा. तिसऱ्यांदाही सतराच. आम्हाला शाई हवी असायची ती बरोबर सतरा सेकंदांची. मी स्टॉपवॉच खिशात घातलं ते घातलंच. रोजच्या तक्त्यावर ‘शाई : १७ सेकंद’ असं न मोजताच लिहायला लागले. पुढं जे झालं त्यात माझा वाटा आहे तो हा, आणि तो मी आधीच सांगून टाकते.

आमचं मशीन कसं चालतं ते थोडक्यात सांगते. एक भलामोठा, तांब्याचा थर चढवलेला गुळगुळीत रूळ असतो, त्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे लाखो खड्डे कोरलेले असतात, आणि ते खड्डे म्हणजेच चित्र. रूळ खालच्या ट्रेमधल्या शाईत फिरतो, सगळा माखून वर येतो, आणि तिथं पोलादाची एक पातळ लांब पट्टी त्याच्यावर टेकलेली असते. आम्ही तिला ब्लेड म्हणतो. ब्लेड वरची सगळी शाई पुसून काढतं, फक्त खड्ड्यांतली ठेवतं, आणि मग प्लॅस्टिकचा कागद त्यावर दाबला की छपाई उठते. माखणं आणि पुसणं, एवढाच हा धंदा. पुसणं चुकलं तर जिथं काहीच नको तिथं धुरकट झाक येते, आणि झाक कशी येते हे मला त्या वर्षी पोटभर बघायला मिळालं.

माखणं कल्याणप्पांकडं होतं आणि पुसणं अमृतकडं. अमृत तामलवाडीचा, चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. बारा वर्षं अप्पांच्या शेजारी उभा होता आणि बारा वर्षांत मिळून बाराशे शब्द बोलला असेल. ब्लेड पुसायचं, धार बोटानं तपासायची, पट्टी रुळावर टेकवायची, चाव्या आवळायच्या, आणि मग अप्पांकडं बघून मान हलवायची. अप्पांनी मान हलवली की मशीन सुरू. ब्लेड बसवल्यावर अप्पा स्वतः वाकून बघायचे, मगच मान हलवायचे. हा रिवाज कधी मोडला नाही.

अप्पांनी स्वतःही ब्लेड पुसण्यापासूनच सुरुवात केलेली. उमरग्याजवळच्या खेड्यातलं लिंगायत कुटुंब, शेती थोडी, भावंडं उदंड. सातवी झाल्यावर हैदराबादच्या एका छापखान्यात लागले. तिथल्या फोरमनच्या मनगटावर घड्याळ होतं, यांच्या नव्हतं. फोरमन शाई मोजायचा आणि हे बाजूला उभे राहून शाळेतले पाढे मनात म्हणून बघायचे. बाराचा फार लवकर संपला, एकोणतीसचा लांबला, सतराचा बरोबर बसला. पुढं इथं कारखाना निघाला तेव्हा ते गावाकडं परत आले, ऑपरेटर झाले, घड्याळही घेतलं. पण शाईसाठी पाढाच. त्यांनी एकदा मोजलेल्या शाईला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका नव्या माणसानं त्यांच्या मागं शाई पातळ करायचं सॉल्व्हंट पळीभर ओतलं होतं, तर त्याला अप्पांनी सगळ्या कारखान्यासमोर असं फैलावर घेतलं की तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

माणूस तिखट, पण जेवणाच्या सुट्टीत वेगळाच. डबा उघडला की नात सुरू. शिवप्रिया दुसरीत, इंग्रजी शाळेत. दिवाळीच्या सुट्टीपासून अप्पांनी तिला मराठीतून पाढे शिकवायला घेतले होते, सकाळी ड्युटीआधी आणि संध्याकाळी घरी गेल्यावर. “पोरगी लई हुशार हाय,” ते मला ऐकवायचे. “आज तेराचा पाढा घडाघडा म्हणाली. ‘तेरा सत्ते’ला जरा अडकली, तेवढंच.” मी म्हणायचे, अप्पा, हे तुम्ही काल सांगितलंत. ते म्हणायचे, काल बाराचा सांगितला.

फेब्रुवारीत पहिली तक्रार आली. हैदराबादच्या एका डाळवाल्याच्या पिशव्या आम्ही छापायचो. पिवळी-लाल पिशवी, आणि मध्ये वाटीएवढी पारदर्शक खिडकी, आतली तूरडाळ गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून. त्या खिडकीवर तांबूस झाक आली होती. डाळवाल्याचं म्हणणं, नवी डाळ जुनी दिसते. चूक काय होतं त्याचं? मला तर ती किडकी दिसत होती.

तारखा बघितल्या. अमृत हरभरा काढायला चार दिवस गावी गेला होता, त्याच चार दिवसांतला माल. मार्चमध्ये तो ज्वारीच्या काढणीला गेला, पुन्हा तेच. अप्पांचा निकाल तयार होता. “जायच्या घाईत ब्लेड कसंबी बसवतो अन् पळतो. ध्यान गावाकडं, हात हितं.” हे त्यांनी अमृतच्या तोंडावर, मालक गौरीशंकर शेठ समोर असताना सांगितलं. अमृतनं मान खाली घातली आणि एक अक्षर काढलं नाही. शेठनी त्याला मशीनवरून काढून मागच्या शेडमध्ये कटिंगला पाठवलं. तिथं छापलेले रोल कापायचे, बस्स. बारा वर्षांच्या हाताला ते काम म्हणजे शिक्षाच होती. मला अमृतचा रागच आला. चूक नसेल तर बोलावं ना माणसानं!

अप्पा आता ब्लेड स्वतःच बसवायला लागले. आणि झाक रोज यायला लागली.

एप्रिल उजाडला. पत्र्याखाली भट्टी पेटलेली. अप्पा दिवसाला तीन-तीन ब्लेडं बदलत होते, कोन बदलत होते, दाब वाढवत होते. खिडकी काही निवळत नव्हती. शेवटी शेठनी त्यांना बोलावलं. मी तिथंच होते. शेठ शांतपणे म्हणाले, “अप्पा, शनिवारी डाळवाले स्वतः येतायत. रोल स्वच्छ निघाला तर ठीक. नाही तर तुमचे रिटायर व्हायचे आठ महिने उरलेत, ते पॅकिंगला बसून काढा. मशीनवर दुसरा माणूस आणतो.”

अप्पा बाहेर आले आणि पाण्याच्या माठापाशी नुसते उभे राहिले. छत्तीस वर्षं रुळासमोर उभा राहिलेला माणूस, आणि त्याला शेवटी खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसवायचं. मला ते सहन होईना.

त्या रात्री काही सुचलं नाही, पण सकाळी दात घासताना सरळ प्रश्न पडला. ब्लेड अमृत बिघडवत होता, तर तो गेल्यावर झाक वाढली कशी? कमी व्हायला हवी होती. म्हणजे दोष पुसण्यात नाही, माखण्यात. शाई जाड असेल तर जगातलं कुठलंही ब्लेड तिला पुरतं पुसू शकत नाही. कामावर गेले आणि अप्पा कप घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या पाठीमागं वर्षभरानं स्टॉपवॉच काढलं.

तेवीस सेकंद.

पुन्हा मोजलं. साडेबावीस. माझ्या तक्त्यावर मात्र वर्षभर रोज सतरा लिहिलेलं, माझ्याच वळणदार अक्षरात. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर स्टॉपवॉच ठेवलं आणि सांगितलं. त्यांना खरं वाटेना. “काटा बिघडला असंल तुझा.” याला काटा नसतो अप्पा, म्हटलं, तुम्ही म्हणा, मी दाबते. ते म्हणायला लागले. ‘सतरा एके सतरा.’ मग थांबले. अगदी थोडं, लहान लेकराला मागून म्हणायला जेवढं लागतं तेवढंच. ‘सतरा दुणे चौतीस.’ पुन्हा तेवढंच. ‘सतरा त्रिक...’ आणि इथं ते खरोखरच थांबले. त्यांनाच ते ऐकू आलं.

“हौद,” ते हळूच म्हणाले. हौद म्हणजे होय; गडबडले की त्यांची घरातली कानडी बाहेर येते. “हौद गं. शिवप्रियासाठी थांबतो म्या.”

मला हसावं की रडावं कळेना. दिवाळीपासून रोज दोन वेळा त्या पोरीला एकेक ओळ सावकाश म्हणून दाखवता दाखवता अप्पांचा स्वतःचा पाढाच सावकाश झाला होता, आणि छत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी त्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. धार पाढ्याशी जुळावी म्हणून शाई जाड होत गेली.

आम्ही स्टॉपवॉच लावून शाई सतरावर आणली. पाचव्या मिनिटाला खिडकी अशी निवळली की पलीकडचं माझं बोट स्वच्छ दिसलं. शनिवारी डाळवाले आले, पिशवी उजेडात धरून बघितली, चहा पिऊन खूश होऊन गेले. शेठनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली. “झालं ना? आता घड्याळ लावत जा. मशीन तुमचंच.” मीही सुटकेचा श्वास सोडला. गोष्ट मिटली होती. पाढ्याचं कारण शेठना सांगायची काही गरजच नव्हती.

पण अप्पा हलले नाहीत. “साहेब,” ते म्हणाले, “ब्लेडाचा दोष कधीच नव्हता. माझी शाई जाड व्हती. अन् म्या अमृतला काढायला लावलं. चला माझ्यासंगं.”

ते पुढं, मागं शेठ, मागं मी. कटिंगच्या शेडमध्ये अमृत रोल चढवत होता. अप्पांनी सगळ्यांदेखत त्याच्यापुढं हात जोडले. मला बघवेना. “अमृत, चुकलं माझं. शाई जाड करत व्हतो अन् बोल तुला लावला.”

अमृतनं घाईघाईनं त्यांचे हात खाली केले. “आसूं द्या अप्पा. मला ठावं व्हतं.”

“काय ठावं व्हतं?”

“पाढा सावकाश झाला त्ये. दिवाळीनंतरच कळलं मला. शेजारीच हुबा असतोय की मी.” अमृत जमिनीकडं बघत बोलत होता. “तुमी माठावर पाणी प्यायला गेला की मी पळी-दोन पळी सॉल्व्हंट घालायचो. खिडकी निवळायची.”

मग सगळं उलगडलं. म्हणूनच तो हरभऱ्याला गेला की झाक, ज्वारीला गेला की झाक, आणि कायमचा गेला तेव्हा रोज झाक.

“रोज घालायचास?” अप्पांनी विचारलं.

“रोज.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तुमास्नी मशीनवरून उतरवलं असतं. तुमचं आठ महिनं राह्यलेत. माझी अजून वीस वर्सं हायत की.”

मी चिडले. खरं तर मी दोघांवरही ओरडणार होते, एवढा माल वाया गेला, माझ्या नाकासमोर हे सगळं चाललं आणि मला कुणी सांगायची तसदी घेतली नाही म्हणून. पण अप्पांचं तोंड बघून गप्प बसले. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. माझ्या शाईला हात लावलास, म्हणून त्याला फाडून खाणार. अप्पा बाजूच्या रोलवर बसले. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि ते लपवतही नव्हते.

मग उठले आणि शेठकडं वळले. “साहेब, सोमवारपासून शाई अमृत बघंल. ब्लेड मी बसवतो.”

“अहो अप्पा, काही गरज नाही. घड्याळ आहे आता.”

“घड्याळ हाय. पर मशीन त्येचं हाय.”

शेठनी बरंच समजावलं. अमृतनं तर दोनदा नाही म्हटलं, म्हणजे त्याच्या मानानं भाषणच केलं. अप्पा ऐकेनात.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. अमृत कपासमोर उभा होता, अंग चोरून. पलीकडं अप्पा खाली बसून ब्लेड पुसत होते, मदतनिसाच्या त्या जागेवर, जी त्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी सोडली होती. धार बोटानं तपासली, पट्टी रुळावर टेकवली, चाव्या आवळल्या. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि जरा मागं सरून उभे राहिले.

“अमृतराव,” ते म्हणाले, “ब्लेड बसवलंय. एकवार बघून घ्या.”

अमृत वाकला नाही. त्यानं ब्लेडाकडं पाहिलंही नाही. अप्पांकडं बघून मान हलवली आणि मशीन सुरू केलं.